दीड सुती कानस

लक्ष्मीपुरीत, रविवारी, पोत्यावर मांडलेल्या
नळाच्या तोट्या, बिनकुलपाच्या किल्ल्या
आणि एक पारडं हरवलेला तराजू
यांच्यामध्ये ते पडलं होतं,
केशरी रंग उडून विटकरी झालेलं,
पात्यावर गंजाची साय,
लाकूड कापायचं, पेट्रोलवर चालणारं.
दस्तगीर म्हणाला, "चालू हाय."
मी दोरी ओढली. दोरी हातात आली.
"हुतं," तो म्हणाला.

बावीसशेवर सुरू झालं, अकराशेला तुटलं,
वर एक चहा, तो त्यानंच पाजला.

हौसा म्हणाली, "गिझर हाय घरात.
बंब हाय माळ्यावर.
आन् तुमच्या कमरंला पट्टा हाय."
तिन्ही खरं होतं.
मी बंब खाली काढला, चिंचेनं घासायला घेतला.

पस्तीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा होतो.
माझ्या हातून गेलेले शाफ्ट
कुठल्या कुठल्या पंपांत अजून फिरत असतील.
स्वतःच्या मालकीचं यंत्र म्हणाल तर
एक मिक्सर, तोही तिच्या माहेरचा.

रात्री व्हरांड्यात पेपर अंथरून ते उघडलं.
प्लगच्या भोकावर अंगठा धरला, हातानं चाक फिरवलं,
तर आतून कुणीतरी अंगठा ढकलला.
दम होता.
दमच तेवढा होता.
पेट्रोलची नळी शेवेसारखी मोडली,
कार्बोरेटरमधला पडदा भाजल्या पापडासारखा ताठ,
आणि क्लचच्या झाकणाखाली
तेलात मुरून वडी झालेला भुसा.

नखानं खरवडत गेलो. वर काळा,
त्याखाली पिवळा, फणसाचा असावा,
मग तांबूस,
आणि अगदी तळाला पांढरट, कसलाच वास नसलेला.
आजऱ्याकडची झाडं असतील, राधानगरीकडची.
कापणारा कोण, त्यानं हे का विकलं?
दस्तगीरला विचारलं असतं तर त्यानं गोष्ट रचली असती,
चांगली रचली असती.
भुसा टाकवेना. तंबाखूच्या डबीत भरला.

पडदा शाहूपुरीत मिळाला.
नळी लुनाची बसली.
दोरी वाळवणाची, हौसाला अजून पत्ता नाही.
मग साखळी. छत्तीस दात.
दीड सुती गोल कानस, दाताला तीन हात,
तिरके, आतून बाहेर.
डोळे गेलेत, पण धार कानाला कळते:
बोथट दात कुरकुरतो,
लागलेला बारीक शीळ घालतो.

कलगोंडा मगदुमांची चिंच भिंतीवर आडवी झालेली.
"न्या तोडून," ते म्हणाले, "भिंत तेवढी माझी मला द्या."
पंचवीसाला एक तेल, जुन्याला जुनं माप.
सहाव्या ओढीला ते खोकलं,
नवव्या ओढीला असं भुंकलं
की मगदुमांचं कुत्रं गप्प झालं.

टेकवलं खोडावर.
धूर.
दाबलं. आणखी धूर.
चिंच काळी पडली, कापली मात्र नाही.

भिंतीपलीकडून सन्मती, मगदुमांची धाकटी,
आयटीआयला फिटर, दुसरं वर्ष:
"काका, साखळी उलटी बसलीया."

छत्तीसच्या छत्तीस दात
माझ्याकडं तोंड करून बसलेले.
केसाएवढ्या फरकासाठी
पोरांच्या सात पिढ्या उद्धरणारा मी
खिशातून पाना काढला, तिच्या हातात दिला
आणि जाऊन भिंतीवर बसलो.
तिनं दोन नट सैल केले. हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

मग मात्र पोह्यांएवढे ताजे तुकडे उडाले,
चपलांत, केसांत, सन्मतीच्या डब्यात.
चिंच आतून जांभळट काळी निघाली,
आमसुलासारखी.

ओली आहे. दिवाळीपर्यंत तरी पेटायची नाही.
बंब लखलखीत, न्हाणीघराच्या दाराशी उभा,
हौसा गिझरचं बटण दाबताना त्याच्याकडं बघते
आणि माझ्याकडं बघत नाही.

काल झाकण उघडून सगळं पुसून काढलं.
कोपऱ्यात चिंचेचा थोडा थर
राहू दिला.